जवसाच्या तेलापासून संरक्षक लेपाची राळ: अल्किड तयार करण्याची सविस्तर कृती

वर्सोवा, वरळी कोळीवाडा किंवा कुलाबा येथील समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीचे गज पावसाळा संपल्यावर जवळून पाहिले, तर गंज कोठून सुरू होतो हे लगेच कळते. तो गजाच्या सपाट अंगावर क्वचितच दिसतो. वेल्डिंगच्या सांध्यांवर, कापलेल्या धारांवर आणि पाण्याचा थेंब लोंबत राहतो त्या खालच्या कडेवर तो आधी डोके वर काढतो. तेथे रंगाचा थर पातळ असतो, आणि त्या थराला पापुद्रा म्हणून एकत्र धरून ठेवणारी राळ ओलावा व क्षार यांना आत येऊ देते. रंगातील भुकटी रंगछटा देते आणि काही अंशी संरक्षणही करते, परंतु लोखंडाला चिकटून राहण्याचे, वाकण्याचे आणि पाणी अडवण्याचे काम राळेचेच असते. ही राळ बियांच्या तेलापासून कशी तयार करावी, याची कृती या लेखात दिली आहे.

दुकानात आपण ज्याला ‘ऑइल पेंट’ म्हणतो, त्यात आज नुसते तेल नसते. त्यात असते ती अल्किड राळ, म्हणजे तेलातील मेदाम्ले, ग्लिसरिनसारखे बहुहायड्रॉक्सी अल्कोहोल आणि थॅलिक अ‍ॅनहायड्राइड यांच्या संयोगातून तयार झालेले पॉलिएस्टर. ‘अल्किड’ हे नाव १९२०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉय किनल यांनी अल्कोहोल व अ‍ॅसिड या दोन शब्दांवरून घडवले. शंभर वर्षे होत आली तरी हे रसायन मागे पडलेले नाही, कारण ते स्वस्त आहे, ब्रशने सहज पसरते आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग शेतातून येऊ शकतो.

प्रारंभीच एक स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही कृती घरच्या स्वयंपाकघरात, गच्चीवर किंवा चाळीच्या गॅलरीत करण्याची नाही. यात २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले तेल आणि झायलीनसारखा सहज पेट घेणारा द्रव एकाच भांड्यात असतात. वायुवीजन कपाट, विजेवर चालणारे हिटिंग मँटल, अग्निशामक आणि अनुभवी मार्गदर्शक असलेल्या प्रयोगशाळेतच हे काम करावे. थॅलिक अ‍ॅनहायड्राइडची वाफ व धूळ श्वसनमार्गाला त्रास देते आणि त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून त्याचे वजनसुद्धा कपाटातच करावे.

तेलाची निवड

सर्व तेले हवेत सुकत नाहीत. तेल सुकते ते त्यातील पाणी उडून गेल्यामुळे नव्हे, तर त्याने हवेतील ऑक्सिजन घेतल्यामुळे. मेदाम्लाच्या साखळीत दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्यावरील हायड्रोजन सहज सुटतो. त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, हायड्रोपेरॉक्साइड तयार होते, ते फुटते, आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. याची खात्री करून घ्यायची असेल तर काचेची एक पट्टी अचूक तराजूवर तोलावी, तिच्यावर जवसाच्या तेलाचा पातळ थर द्यावा आणि पुढील काही दिवस रोज वजन घ्यावे. सुकत असताना वजन घटण्याऐवजी आधी वाढत जाते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग सर्वांत आधी करायला लावते, कारण तराजूवरचा आकडा चढताना पाहिला की ‘सुकणे’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

म्हणून तेलाची पहिली ओळख म्हणजे त्याचा आयोडीन अंक. तो दुहेरी बंधांचे प्रमाण सांगतो. जवसाचा आयोडीन अंक साधारण १७० ते २०० असतो, कारण त्याच्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लिनोलेनिक आम्ल असते. सोयाबीनचा १२० ते १४० आणि करडईचा १४० ते १५०च्या आसपास असतो. करंजाचा मात्र ८० ते ९०च्या घरात राहतो. सुमारे १४०च्या पुढची तेले हवेत चांगली सुकतात, त्याखालची अर्धवट सुकतात, आणि करंजासारखी तेले कितीही दिवस ठेवली तरी चिकटच राहतात.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर विदर्भातील जवस आणि मराठवाडा-सोलापूरकडील करडई ही दोन तेले या कामासाठी आपल्या दाराशी आहेत. लोखंडावरील प्रायमरसाठी जवस घ्यावा, कारण तो लवकर व कठीण सुकतो. त्याची थर पिवळा पडण्याची खोड लाल ऑक्साइडच्या रंगाखाली झाकली जाते. पांढऱ्या किंवा फिक्या रंगासाठी करडई किंवा सोयाबीन श्रेयस्कर, कारण त्यांत लिनोलेनिक आम्ल अत्यल्प किंवा बेताचे असते आणि पिवळेपणा त्या मानाने कमी येतो. एरंडेलाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक असते, त्याच्या साखळीवर स्वतःचाच हायड्रॉक्सिल गट असतो, पण दुहेरी बंध एकच असतो, त्यामुळे कच्चे एरंडेल सुकत नाही. परंतु आम्लधर्मी उत्प्रेरकासह तापवून त्यातून पाण्याचा रेणू काढून टाकला की दुसरा दुहेरी बंध तयार होतो आणि तेच तेल सुकणारे बनते. जगात एरंडाचे सर्वाधिक उत्पादन भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत होते, म्हणून हे निर्जलित एरंडेल मुंबईच्या रंग व्यवसायाला नवे नाही.

तेल कोणतेही असो, ते शुद्ध केलेले हवे. कच्च्या घाण्याच्या जवस तेलात फॉस्फेटाइडचा चीक असतो. थोडे तेल परीक्षानळीत सुमारे २८० अंशांपर्यंत झटपट तापवावे; तळाशी किंवा मध्ये जेलीसारखे पुंजके दिसले तर ते तेल या कामाचे नाही. तसेच तेलाचा आम्लांक, म्हणजे एका ग्रॅममधील मोकळे आम्ल उदासीन करण्यास लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम, २च्या खाली असावा. मोकळे मेदाम्ल जास्त असेल तर ते उत्प्रेरकाचा साबण करून टाकते, आणि पुढची पहिलीच पायरी रखडते. करंज व कडुनिंबाच्या कच्च्या तेलांत ही अडचण हमखास येते.

हिशेब आधी, आच नंतर

राळेचे भवितव्य मँटलचे बटण दाबण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असते, असे माझे ठाम मत आहे. वाचक हा भाग गाळून थेट कृतीकडे वळतील अशी मला भीती वाटते, म्हणून तो येथे पूर्ण मांडते.

आपण ३०० ग्रॅम शुद्ध जवस तेल, ७५ ग्रॅम ग्लिसरिन आणि १४८ ग्रॅम थॅलिक अ‍ॅनहायड्राइड घेणार आहोत. जवस तेलाचा सरासरी रेणूभार ८७८ धरला तर ३०० ग्रॅम म्हणजे ०.३४२ मोल तेल होते, त्यात १.०२५ मोल मेदाम्ल आणि ०.३४२ मोल ग्लिसरिन बांधलेले असते. वरून घातलेले ग्लिसरिन ०.८१४ मोल आणि थॅलिक १ मोल. थॅलिकच्या प्रत्येक रेणूत दोन आम्लगट असल्याने आम्लाचे एकूण तुल्यभार, म्हणजे आम्लगटांचे मोल, १.०२५ अधिक २, म्हणजे ३.०२५ होतात. हायड्रॉक्सिलचे तुल्यभार ३.४७ भरतात, म्हणजे आम्लापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त.

आता सर्व घटकांचे मोल एकत्र करावेत: १.०२५, १, ०.३४२ आणि ०.८१४ मिळून ३.१८. या संख्येला आम्लाच्या तुल्यभारांनी भागले की १.०५ येते. या गुणोत्तराला पॅटनचा स्थिरांक म्हणतात. तो १च्या किंचित वर असेल तर अभिक्रिया जवळजवळ शेवटपर्यंत नेता येते. तो १च्या खाली गेला तर आम्लांक खाली येण्याआधीच सारी राळ भांड्यात गोठते. ग्लिसरिन ७५ऐवजी ६२ ग्रॅम घेतले तर गुणोत्तर १.००५वर येते, म्हणजे अगदी काठावर. हे लक्षात घेण्याचे कारण असे की तापवताना थोडे ग्लिसरिन वाफेबरोबर निसटते आणि गुणोत्तर आपोआप खाली सरकते. शिवाय जवसाच्या साखळ्या जास्त तापमानात आपापसांतही जोडल्या जातात, आणि ती जोडणी या हिशेबात कोठेच धरलेली नसते. म्हणून नवशिक्याने १.०५च्या खाली जाऊ नये आणि तापमान २४० अंशांपलीकडे नेऊ नये.

तेलाची लांबी, म्हणजे तयार राळेतील तेलाचे शेकडा प्रमाण, हेही याच कागदावर काढावे. एकूण ५२३ ग्रॅममधून अभिक्रियेत सुटणारे १८ ग्रॅम पाणी वजा केले की ५०५ ग्रॅम राळ उरते. त्यात ३०० ग्रॅम तेल म्हणजे ५९ टक्क्यांहून थोडे अधिक. ४० टक्क्यांखालील राळ आखूड, ४० ते ६० मध्यम आणि त्यापुढील लांब मानली जाते. आपली राळ मध्यम व लांब यांच्या सीमेवर बसते. ती मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळते, ब्रशने लावता येते आणि हवेतच सुकते. तेल कमी करावे तसा थर अधिक कडक व चकचकीत होतो, परंतु मग झायलीनसारखे तीव्र द्रावक आणि भट्टीत भाजणे आवश्यक ठरते.

साहित्य आणि मांडणी

दोन लिटरचा, चार तोंडांचा गोल बुडाचा काचपात्र घ्यावा. एका तोंडात ढवळणी, दुसऱ्यात तापमापक, तिसऱ्यात नायट्रोजनची नळी आणि चौथ्यात, सुटलेले पाणी वेगळे साठवणाऱ्या डीन-स्टार्क सापळ्यासह, कंडेन्सर बसवावा. राळ केवळ अर्धा किलो होणार असली तरी एक लिटरचा पात्र घेऊ नये, कारण फेस एकाएकी वर चढतो. काचसामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर आणि रसायने वडगादीत मिळतात. शिक्षणसंस्थेच्या किंवा उद्योगाच्या नावे बिल करून, शुद्धतेचा दाखला मागूनच ती घ्यावीत. मेथनॉल विषारी असल्यामुळे त्याची नोंद व साठवण नियमांप्रमाणेच ठेवावी.

पावसाळ्यात दोन पदार्थांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ग्लिसरिन हवेतील पाणी ओढून घेते, त्यामुळे जुलैमध्ये अर्धवट रिकाम्या बाटलीतून घेतलेले ७५ ग्रॅम हे प्रत्यक्षात ७५ ग्रॅम नसतात. थॅलिकचे पापुद्रे ओलावा घेऊन थॅलिक आम्लात बदलतात आणि सापळ्यात हिशेबाबाहेरचे पाणी आणतात. दोन्ही डबे वापरल्याबरोबर घट्ट बंद करावेत.

जुन्या कृतींमध्ये उत्प्रेरक म्हणून मुरदाडशिंगी, म्हणजे शिशाचे ऑक्साइड सांगितलेले आढळते. ते वापरू नये. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा २०१६चा नियम असून तो १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. आणि नियम नसता तरी लहान मुले ज्या गजांना धरून उभी राहतात त्यांवर शिसे लावण्याचे समर्थन होऊ शकत नाही. आपल्याला ०.१ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड पुरेसे आहे.

पहिली पायरी: अल्कोहोलिसिस

तेल, ग्लिसरिन आणि थॅलिक एकदम भांड्यात घालून तापवले तर काय होईल, असा प्रश्न साहजिकच पडतो. ग्लिसरिन व थॅलिक यांची एकमेकांशी लगेच अभिक्रिया होते, तेल बाजूला राहते, आणि तेलात न विरघळणारे ग्लिसरिल थॅलेटचे रवाळ गोळे तयार होतात. म्हणून आधी तेल व ग्लिसरिन यांची गाठ घालून द्यावी लागते. तेलाच्या रेणूवरील तीन मेदाम्लांपैकी काही ग्लिसरिनकडे सरकतात आणि मोनोग्लिसराइडांचे मिश्रण तयार होते. हे मिश्रण पुढे थॅलिकशी एकजीव होऊ शकते.

३०० ग्रॅम तेल पात्रात घ्यावे, नायट्रोजन मंद सोडावा, ढवळणी सुरू करावी आणि तापमान १५० अंशांवर आणावे. ग्लिसरिन व लिथियम हायड्रॉक्साइड घालावे. सुरुवातीला दोन द्रव वेगळे दिसतात व मिश्रण गढूळ असते. तापमान हळूहळू २३० ते २४० अंशांवर न्यावे व तेथे स्थिर ठेवावे. नायट्रोजनचा प्रवाह बुडबुडे मोजता येतील इतकाच असावा. जोराचा प्रवाह ग्लिसरिन उडवून नेतो.

अर्ध्या तासानंतर पहिली चाचणी घ्यावी आणि पुढे दर १५ मिनिटांनी ती पुन्हा करावी. कोरड्या काचनळीने थोडा नमुना काढून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत एक मिलिलिटर नमुना व तीन मिलिलिटर निर्जल मेथनॉल घालून हलवावे. तेल अजून शिल्लक असेल तर नळीत ताकासारखा पांढुरका ढग येतो आणि काही मिनिटांत तळाशी तेलाचा थेंब बसतो. पुढच्या नमुन्यात ढग विरळ होतो, नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे पुसट दिसू लागतात. ज्या नमुन्यात ती अक्षरे लख्ख वाचता येतात, तेथे पहिली पायरी पूर्ण झाली. साधारणपणे यास पाऊण ते दीड तास लागतो. येथे एक फसगत संभवते: नळी ओली असेल किंवा मेथनॉलमध्ये पाणी शिरलेले असेल, तर पूर्ण झालेले मिश्रणही गढूळ दिसते. म्हणून नळ्या भट्टीत वाळवून घ्याव्यात.

मी शिकत असताना ही चाचणी एकदा गाळली होती. घड्याळात दीड तास झाला होता, मागच्या दोन वेळा तेवढाच वेळ पुरला होता, आणि मी थॅलिक घातले. तेल नव्या डब्यातले होते व त्याचा आम्लांक मी तपासला नव्हता. पाऊण तासाने मिश्रण पारदर्शक होण्याऐवजी साबुदाण्याच्या खिरीसारखे दाणेदार दिसू लागले. त्यानंतर थोड्याच वेळात ढवळणीची मोटर कण्हू लागली आणि पात्रातील सारे द्रव्य दांड्याभोवती गोळा होऊन फिरू लागले. तो पात्र साफ झाला नाही, फेकावाच लागला. तेव्हापासून माझ्या वहीत वेळेचा रकाना डावीकडे लहान आणि चाचणीचा रकाना मोठा असतो.

दुसरी पायरी: एस्टरीकरण

मेथनॉलची चाचणी स्वच्छ आल्यावर तापमान १६० अंशांवर उतरवावे. थॅलिक तीन-चार भागांत घालावे. प्रत्येक भाग विरघळल्याखेरीज पुढचा घालू नये. या टप्प्यावर अ‍ॅनहायड्राइडचे वलय उघडते व अर्धे एस्टर तयार होते. त्यात पाणी सुटत नाही, पण उष्णता सुटते, त्यामुळे मँटल बंद करून तापमापकावर नजर ठेवावी. थॅलिकचे पांढरे, सुईसारखे स्फटिक पात्राच्या गळ्याशी व कंडेन्सरच्या तोंडाशी साचतात. ते साचून वाट बंद होत नाही ना, हे पाहत राहावे.

नंतर मिश्रण १२० ते १३० अंशांपर्यंत थंड करून २० ग्रॅम झायलीन सावकाश घालावे व सापळाही झायलीनने भरून घ्यावा. झायलीन १४० अंशांच्या आसपास उकळते; ते त्याहून गरम मिश्रणात ओतले तर उसळून बाहेर येते. या झायलीनचे काम पाणी वाहून नेण्याचे आहे. त्याची वाफ पाण्याला बरोबर घेऊन वर जाते, कंडेन्सरमध्ये दोन्ही थंड होतात, पाणी जड असल्याने सापळ्याच्या तळाशी बसते आणि झायलीन परत पात्रात ओघळते. परत येताना ते गळ्याशी साचलेले थॅलिकही धुऊन खाली आणते.

आता तापमान दर तासाला साधारण २० अंश या बेताने वाढवत २३० अंशांपर्यंत न्यावे. घाई केल्यास फेस चढतो.

सापळ्यातील पाणी हा या टप्प्यावरचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे. अर्धे एस्टर तयार झाले तेव्हा मिश्रणात एक मोल आम्लगट शिल्लक होता. ५२३ ग्रॅम वजनावर त्याचा आम्लांक सुमारे १०७ येतो. ९ मिलिलिटर पाणी जमले म्हणजे निम्मे काम झाले आणि आम्लांक ५५च्या आसपास आला. १५ मिलिलिटरला तो १८च्या जवळ असतो, आणि आपल्याला हव्या असलेल्या १०च्या आम्लांकाला सुमारे १६.४ मिलिलिटर पाणी जमते. अखेरच्या टप्प्यात एका मिलिलिटरचा फरकही किती मोलाचा ठरतो, हे यावरून दिसेल. परंतु पाण्यावर पूर्ण विसंबू नये, कारण कच्च्या मालातील ओलावा त्यात मिसळतो आणि काही थेंब कंडेन्सरच्या भिंतीला चिकटून राहतात. पाण्यावरून अंदाज बांधावा. निर्णय अनुमापनावरच घ्यावा.

अनुमापनासाठी शंकूपात्रात नमुना अचूक तोलावा, झायलीन व अल्कोहोलच्या उदासीन मिश्रणात विरघळवावा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालावेत आणि ०.१ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइडने फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत अनुमापन करावे. लागलेले मिलिलिटर, नॉर्मलता आणि ५६.१ यांचा गुणाकार करून त्यास नमुन्याच्या वजनाने भागावे. उदाहरणार्थ, १.२ ग्रॅम नमुन्यास २.६ मिलिलिटर लागले तर आम्लांक १२.२ येतो. आम्लांक ३०च्या खाली गेला की नमुना दर अर्ध्या तासाने घ्यावा आणि त्याच वेळी श्यानता, म्हणजे राळेचा दाटपणा, हाही मोजावा. त्यासाठी नमुना ६० टक्के घनभागाला मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळवून गार्डनरच्या बुडबुडा-नळीत भरतात आणि प्रमाण नळ्यांतील बुडबुड्याच्या वेगाशी ताडून पाहतात.

आम्लांक व श्यानता यांचा आलेख काढण्याचा कंटाळा करू नये. आम्लांक संथपणे उतरतो, श्यानता मात्र शेवटी एकदम उसळी घेते. आम्लांक १४वर असताना श्यानतेची रेघ जवळजवळ उभी होऊ लागली असेल, तर १०चा हट्ट धरू नये. तेथेच मँटल उतरवावे. प्रायमरसाठी १२चा आम्लांक चालतो, पण गोठलेली राळ कशासाठीही चालत नाही. उलट आम्लांक ८वर येऊनही राळ पाण्यासारखी पातळ असेल, तर ग्लिसरिन जास्त पडले असे समजावे आणि पुढच्या वेळी ते दोन-तीन ग्रॅमने कमी करावे. २३० अंशांवर पोहोचल्यानंतर एकूण तीन ते पाच तास हाताशी ठेवावेत.

आच काढल्यावर राळ नायट्रोजनखाली १२० अंशांपर्यंत थंड करावी आणि सुमारे ३१० ग्रॅम मिनरल टर्पेंटाइन ढवळत मिसळावे. आतील झायलीन धरून घनभाग ६० टक्क्यांच्या जवळ येतो. बारीक कापडातून गाळून, मध रंगाची ही राळ गळ्यापर्यंत भरलेल्या डब्यात ठेवावी. वर हवा राहिली तर साय धरते.

येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. जवस तेल किंवा ही राळ पुसलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नयेत. ऑक्सिजन घेताना त्या आतून तापतात आणि काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात टाकाव्यात, किंवा उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्याव्यात.

ड्रायर आणि प्रायमर

नुसती राळ काचेवर लावली तर ती दिवसेंदिवस चिकट राहते. हायड्रोपेरॉक्साइड लवकर फुटावे यासाठी धातूंचे ऑक्टोएट, म्हणजेच ड्रायर, घालावे लागतात. राळेच्या घनभागावर कोबाल्ट ०.०५ टक्के, कॅल्शियम ०.१ टक्के आणि झिर्कोनियम ०.२ टक्के हे चांगले आरंभबिंदू आहेत. आपल्या ५०० ग्रॅम घनभागासाठी ६ टक्के धातूचे कोबाल्ट ऑक्टोएट ४.२ ग्रॅम, ५ टक्क्यांचे कॅल्शियम १० ग्रॅम आणि १८ टक्क्यांचे झिर्कोनियम ५.६ ग्रॅम लागेल. कोबाल्ट वरचा पृष्ठभाग सुकवतो, झिर्कोनियम थराच्या आतला भाग. लवकर सुकावे म्हणून कोबाल्ट वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास वरची साय आधी कडक होते, खालचा थर ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. मुंबईच्या दमट हवेत कोबाल्टचे काम मंदावते हे खरे, परंतु त्यावर थर पातळ ठेवणे आणि वारा खेळता ठेवणे हाच उपाय आहे.

लोखंडासाठी या राळेत लाल आयर्न ऑक्साइड व झिंक फॉस्फेट दळून प्रायमर करावा. लावण्यापूर्वी गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा, त्यानंतर गज गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. समुद्राकाठच्या घरांत हे धुणे टाळता येत नाही, कारण रंगाखाली राहिलेला मिठाचा कण थरातून पाणी खेचून घेतो आणि फोड आणतो. सांधे व धारा यांवर आधी ब्रशने एक हात द्यावा, मग सर्वत्र एक हात. सुकलेला थर प्रत्येक हाताला ३५ ते ४० मायक्रॉन असावा.

कोठे लावू नये

अल्किडमधील एस्टर बंध अल्कलीपुढे टिकत नाहीत. त्यांचा साबण होतो. म्हणून नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर ती लावू नये. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरही थेट लावू नये, कारण जस्ताशी संयोग होऊन थराखाली साबण तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागांसाठीही ती नाही.

अल्कलीसमोर अधिक टिकाव हवा असेल तर पॉलिएस्टरअमाइडचा मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. त्यात जवस तेल डायइथेनॉलअमाइनबरोबर, सोडियम मेथॉक्साइडच्या साहाय्याने, सुमारे ११० ते ११५ अंशांवर अभिक्रिया करून दोन हायड्रॉक्सिल गटांचे मेदअमाइड बनवतात आणि मग झायलीनमध्ये थॅलिकशी जोडतात. तापमान कमी लागते आणि अमाइड बंधामुळे थराची चिकाटी व अल्कलीविरोध सुधारतो. करंजासारख्या न सुकणाऱ्या तेलासाठी आखूड अल्किड करून ती मेलामाइन राळेबरोबर भट्टीत भाजणे हा सोपा मार्ग आहे. एरंडेल व आयसोसायनेट यांपासून उत्तम पॉलियुरेथेन होते, परंतु आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना अतिशय घातक असल्याने ते काम या लेखाच्या आधारे कोणी हाती घेऊ नये.

पारख

सौम्य पोलादाच्या पट्ट्यांवर थर देऊन सात दिवस ठेवावे. स्पर्शाला दोन ते चार तासांत आणि पूर्ण कडक एका दिवसात, ही चांगल्या राळेची अपेक्षा आहे. चिकाटीसाठी धारदार पात्याने आडव्या-उभ्या रेघांची जाळी कापून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढावी. एकही चौकोन सुटता कामा नये. पट्टी बारीक दांड्याभोवती वाकवून बाहेरच्या वळणावर भिंगाने तडे शोधावेत. रंगांच्या चाचण्यांची भारतीय मानके आयएस १०१ या मालिकेत आहेत. मिठाच्या धुक्याची चाचणी ३५ अंशांवर, ५ टक्के मिठाच्या द्रावणाने करतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिची सुरुवात १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून झाली, तेल आणि पृष्ठलेप या दोन्ही विषयांचे अध्यापन दीर्घकाळ चालत आले आहे, आणि अशा चाचण्यांविषयी विचारणा करायची असल्यास तेथून आरंभ करावा.

धुक्याच्या पेटीबरोबरच खरी हवाही वापरावी. माझ्या पट्ट्या माहीमच्या एका गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून, ४५ अंशांत टांगलेल्या असतात. प्रत्येक पट्टीवर लोखंडापर्यंत पोहोचणारी फुलीची खूण कापावी, मागची बाजू व कडा मेणाने बंद कराव्यात, आणि मेच्या अखेरीस ती बाहेर लावावी. पुढे दर महिन्याला फुलीच्या रेघेपासून गंज थराखाली किती मिलिमीटर सरकला ते पट्टीने मोजून, त्या पट्टीच्या राळेचा आम्लांक, तेलाची लांबी आणि ड्रायरचे प्रमाण यांच्या शेजारी वहीत लिहावे.